छाती कुणाची मोठी

अवदल्लाह माझा चुलतभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण अख्खं लक्सर शहर त्यालाच रईस, म्हणजे ताफ्याचा म्होरक्या, म्हणतं. आमच्या ताफ्यात मिझमार, म्हणजे आमच्याकडची सनई, तीन. एकजण चाल वाजवतो, बाकीचे दोघे नुसता सूर धरून बसतात. तीस वर्षं चाल त्याची आणि सूर माझा. का, तर त्याची छाती मोठी. लग्नात म्हातारे त्या छातीवर कौतुकाने थाप मारत आणि माझा नुसता जळफळाट होई.

यंदा सरकारी कलापथकाने फर्मान काढलं, की वादकांनी छाती तपासून यावं. म्हणजे आता त्याचा मोठेपणा कागदावरही येणार.

दवाखान्यात एका नळीत फुंकायचं होतं. मी फुंकतच राहिलो. यंत्रावरच्या बाई वैतागल्या, म्हणाल्या, नाकाने चोरून श्वास घेताय. चोरून कसला? गालातला वारा सोडता सोडता नाकाने नवा ओढायचा, हे आम्ही सातव्या वर्षी शिकतो. बाईंनी नाकाला चिमटा लावला. साडेतीन लिटर भरलं. रईससाहेबांचं भरलं दोन. तीनदा फुंकायला लावलं, तरी दोनच.

मी सुखावलो. लपवत नाही.

मग त्याला काचेच्या बंद खोलीत बसवून पुन्हा मोजलं. "छाती यांचीच मोठी," डॉक्टर म्हणाले, "पण वारा आत अडकून पडतो, बाहेर येत नाही. गोझा कधीपासून ओढताय?"

"मिसरूड फुटायच्या आधीपासून."

मला तो हुक्क्याचा धूर कधी सोसला नाही, आणि त्यावरून यानेच मला जन्मभर बायल्या म्हणून चिडवलं होतं. डॉक्टरांनी त्याचा गोझा बंद केला आणि चाल वाजवणंही. तो सदरा चढवत होता तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, वाजवणं अगदीच तोडू नका, खचेल बिचारा; दम लागेपर्यंत थोडा सूर धरला तर चालेल.

गुरुवारी दुपारी अर्मंत गावच्या एका लग्नात पहिल्यांदा चाल माझी होती. अवदल्लाह आला, तो मिझमार घेऊनच.

"दादा, चाल तूच वाजव," तो म्हणाला. "मला फक्त तुझ्या शेजारी बसून सूर धरू दे."

तो शेजारी बसला असता तर लोकांनी त्याच्याकडेच पाहिलं असतं.

"डॉक्टरांनी नको म्हटलंय," मी म्हणालो.

त्याने मिझमार फडक्यात गुंडाळला. "मग नको. तू आहेस म्हणून बरं, दादा. माझी काळजी घ्यायला दुसरं आहे कोण?"