पंख्याची भूक

अंदिजानच्या कापूस कारखान्यात सुकवणीच्या पंख्याला वेग कमीजास्त करणारी नवी पेटी बसली आणि ती सांभाळायचं काम दिलफुझाकडे आलं. पहिल्याच दिवशी तिने पंख्याचा वेग शंभरावरून ऐंशी टक्क्यांवर आणला. पेटीवरचा विजेचा आकडा मात्र घसरून थेट निम्म्यावर आला.

"मोटर गेली वाटतं," फोरमन एर्गाशअका, म्हणजे एर्गाशदादा, म्हणाले. "नाहीतर तुझी पेटी थापा मारतेय."

दिलफुझाने येणाऱ्या तारांवर वेगळं मीटर लावून पाहिलं. तेही निम्मंच दाखवत होतं. मग तिने खडूने पत्र्यावर गणित मांडलं. ऐंशी टक्के, त्याचे ऐंशी टक्के, पुन्हा त्याचे ऐंशी टक्के. उत्तर निम्म्यावर येऊन टेकलं, तशी ती जागच्या जागी नाचायलाच लागली.

"अका, वेग एकदा उतरवला की पंख्याची वीज तीनदा उतरते!"

"आणि वारा? तोही निम्म्यावर आला असेल," असं म्हणत अका पंख्याचा वारा सोडणाऱ्या नळाच्या तोंडाशी वाकले. त्यांची टोपी उडाली ती थेट कापसाच्या ढिगावर. दिलफुझा हसून हसून खाली बसली.

टकलावर हात फिरवत अका म्हणाले, "आता दुसऱ्या पंख्याचाही वेग उतरव बघू."