वहाळाचा धर्मबाप

सभेला एकेचाळीस माणसं आली आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस जणांनी "येऊ की, देवाची इच्छा असेल तर" असं तोंडभरून सांगितलं. इंजिनिअर रेनाताने आनंदाने सगळ्यांची नावं वहीत उतरवून घेतली. फिदेलियाने कपाळाला हात लावला.

"डोन्या फिदेलिया, अहो काय झालं? सगळे शनिवारी बुजलेला वहाळ खणायला येतायत!"

"अगं पोरी, आमच्या गावात कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. हे सगळे नाहीच म्हणाले."

शनिवारी आले दोघं. एक स्वतः फिदेलिया, आणि दुसरा चर्चमध्ये घंटा वाजवणारा लाझारो. त्याला वाटलं होतं, हॉटेलवाल्यांकडे जेवण असेल.

फिदेलिया काउइच ही हॉटेलच्या धुलाईघराची मुकादम. गावात मानाने बाईला डोन्या म्हणत, पुरुषाला डॉन. तिचं घर हॉटेलच्या शेजारच्या गल्लीत, गावातल्या सगळ्यात सखल जागी. समुद्र दरवर्षी बोटभर वर चढत होता. हिवाळ्यात उत्तरेचा वारा, तो मेला नोर्ते, सुटला की लाटा वाळूच्या बांधावरून थेट गल्लीत यायच्या आणि आठ-आठ दिवस तिथेच मुक्काम ठोकायच्या. फिदेलियाने कपाट विटांवर चढवलं होतं, चूल टेबलावर मांडली होती. यंदा हॉटेलच्या कंपनीने ठरवलं होतं, हॉटेलपुढे काँक्रीटची भिंत घालायची. हॉटेल कोरडं राहील, पण भिंतीवर आपटलेलं सगळं पाणी वळून गल्लीत घुसेल. मग विटा चढवून काही भागणार नव्हतं. घरच सोडावं लागणार होतं.

ही रेनाता पोरगी तशी हट्टी. भिंतीच्या कामासाठी मेरिदा शहरातून आली आणि कंपनीशी भांडून तिने एक हिवाळा मागून घेतला. पूर्वी गावात शिरलेलं पाणी एका अरुंद वहाळातून मागच्या कांदळवनात निघून जायचं आणि ते जंगल पाणी पिऊन टाकायचं. एकोणीस वर्षांपूर्वी हॉटेल वाढवताना त्या वहाळावर भराव पडला. तो पुन्हा मोकळा करायचा, आणि पहिल्या नोर्तेचं पाणी त्यातून गेलं तर भिंत रद्द. नाही गेलं, तर जानेवारीत सिमेंटच्या गाड्या येणार.

पण वहाळ होता कुठे? वरून सगळा वाहनतळ झालेला, जुनी एकही खूण उरली नव्हती. म्हातारे एक जागा सांगत, म्हाताऱ्या दुसरी. रेनाताने दोन्हीकडे खणून पाहिलं, निघाली नुसती कोरडी वाळू. खरी जागा माहीत असणारा एकच माणूस उरला होता, डॉन पोन्सियानो त्झाब. तीस वर्षं रोज पहाटे त्याची होडी त्या वहाळातून खेकड्यांसाठी आत जायची. भराव घालायला मशीन आलं तेव्हा तो एकटा त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला होता. गावातलं दुसरं कुणीही आलं नाही. सगळ्यांना हॉटेलात नुकत्याच नोकऱ्या लागल्या होत्या.

"मी गेले होते त्यांच्याकडे," रेनाता म्हणाली. "आठवत नाही म्हणाले."

"किती वेळा विचारलंस?"

"एकदा."

"एकदा! बाई गं, इथे एकदा विचारून कुणी किती वाजले तेसुद्धा सांगत नाही." फिदेलियाला आठवलं. नऊ-दहा वर्षांमागे तिनेही त्याला एकदाच विचारलं होतं, आणि तिलाही हेच उत्तर मिळालं होतं. "असं नाही जमायचं. त्याला वहाळाचा धर्मबाप करू या."

सांता तेक्ला गावात कशालाही धर्मबाप, म्हणजे देवासमोर जबाबदारी घेणारा मानलेला बाप, लागतो. बाळाला लागतो, लग्नातल्या केकला लागतो, होडीच्या नव्या मोटारीलासुद्धा लागतो. धर्मबापाला आमंत्रण द्यायचं तर गोड पाव, चॉकलेट आणि रमची बाटली घेऊन तीनदा त्याच्या दारी जायचं. पहिल्या दोन खेपांना तो हो म्हणत नाही. लगेच हो म्हटलं तर माणूस हलका ठरतो. आणि जायचं ते आईबापाने स्वतः, दुसऱ्याला पाठवून चालत नाही.

"वहाळाचे आईबाप कोण?" रेनाताने विचारलं.

"ज्याच्या जमिनीत तो पुरलाय तो."

म्हणजे हॉटेलचे मॅनेजर आर्सोला साहेब. राजधानीतून आलेला माणूस, कडक इस्त्रीचा, कडक बोलण्याचा. गाव त्यांना टरकून असे. फिदेलिया त्यांचे शर्ट स्वतः इस्त्री करायची, तिला कसली भीती! ती सरळ ऑफिसात गेली आणि म्हणाली, "साहेब, तीनदा एका म्हाताऱ्याच्या दारी जायचंय. मी असेन सोबत." भिंतीचा खर्च वाचणार असेल तर जाऊ, साहेब म्हणाले.

पहिल्या खेपेला पोन्सियानो अंगणात जाळं विणत बसला होता. त्याने मान वर केली नाही. पाव तसाच कुंपणावर राहिला, तो कोंबड्यांनी खाल्ला.

दुसऱ्या खेपेला त्याने पायानेच एक स्टूल पुढे ढकललं. साहेब बसले. अर्धा तास वाऱ्यावर बोलणं झालं, खेकड्यांवर झालं, गुडघेदुखीवर झालं. शेवटी म्हातारा म्हणाला, "वय झालं हो. डोक्यात काही राहत नाही."

कुंपणाबाहेर पडल्यावर साहेब भडकले. "डोक्यावर मिऱ्या वाटतोय म्हातारा माझ्या! पुरे झाला हा तमाशा."

"अहो साहेब, स्टूल दिलं ना त्याने?" फिदेलियाला आनंद लपवता येईना. "हॉटेलच्या माणसाला त्या अंगणात बसायला मिळालं! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा!"

तिसऱ्या खेपेला काय बोलायचं ते तिने साहेबांना शिकवून ठेवलं होतं. साहेब त्यातलं एक अक्षरही बोलले नाहीत. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "डॉन पोन्सियानो, वहाळ बुजवला तेव्हा मी इथे नव्हतो. पण ज्याने बुजवला त्याच्या खुर्चीत आज मी बसतो, तेव्हा चूक माझीच. तुम्ही त्याचे धर्मबाप व्हा."

म्हाताऱ्याने जाळ्याची गाठ पक्की केली. मग त्याने पाव उचलला, मोडला आणि अर्धा साहेबांच्या हातात दिला. फिदेलियाने तोंडाला शालीचं टोक लावलं. तिला रडूच फुटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काठी टेकत वाहनतळावर आला. चार पावलं इकडे, सहा तिकडे, एकदा कांदळवनाकडे पाहिलं, एकदा चर्चच्या मनोऱ्याकडे. मग एका चकचकीत काळ्या गाडीवर काठी ठोकली.

"ही गाडी काढा कुणीतरी."

"माझी आहे," साहेब म्हणाले.

"मग तूच काढ, कॉम्पाद्रे."

धर्मबाप आणि खरा बाप एकमेकांना कॉम्पाद्रे म्हणतात, आणि एकदा म्हटलं की ते नातं मरेपर्यंत सुटत नाही. साहेबांनी मुकाट्याने किल्ली काढली.

डांबर फोडून पुरुषभर खाली गेल्यावर काळा चिखल लागला आणि त्याबरोबर कांदळाच्या कुजलेल्या मुळांचा वास वर आला. पोन्सियानो खड्ड्याच्या कडेला बसून राहिला. शनिवारी रेनाताने वही काढलीच नाही. तरी माणसं आली. एकेचाळीस नव्हे, शंभराच्या वर. धर्मबापाचं काम म्हणजे त्याच्या भावांचं, जावयांचं, व्याह्यांचं काम, आणि गावात नातं कुणाचं कुणाशी नव्हतं? फिदेलियाने धुलाईघरातल्या फाटक्या चादरी शिवून दोनशे पोती केली. पुरुषांनी ती वाळूने भरली आणि काठ बांधले. लाझारोला यावेळी खरंच जेवण मिळालं, पण त्याआधी चार तास फावडं मारावं लागलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी दहा वाजता नोर्ते आला. आकाश काळवंडलं, माडांच्या झावळ्या आडव्या झाल्या. फिदेलिया सुट्टी टाकून दारात उभी राहिली. पाणी बांधावरून आलं, गल्लीत आलं, तिच्या उंबऱ्याला लागलं. तिने चौकट घट्ट धरली. उंबऱ्याशी पाणी थांबलं, तसंच राहिलं, कितीतरी वेळ. मग पाण्यावरची एक चप्पल हळूच फिरली आणि वाहनतळाच्या दिशेने निघाली. तिच्या मागे काटक्या, शेवाळ, प्लास्टिकची बादली, सगळीच वरात. दुपारी दोनला गल्लीतली वाळू दिसू लागली.

"देवा, तुझे उपकार!" फिदेलिया मोठ्याने म्हणाली. "रेनाता, तुझे उपकार! साहेब, तुमचे!" ऐकायला कुणीही नव्हतं. तिला पर्वा नव्हती.

संध्याकाळी साहेबांचा निरोप आला, भिंत रद्द. त्याच पावली फिदेलियाने काळ्या मसाल्यातली टर्की आणि मक्याच्या गरम भाकऱ्या घेतल्या आणि पोन्सियानोचं घर गाठलं. तो अंगणात टांगलेल्या जाळीच्या झोळीत पडला होता. तिने ताट ठेवलं आणि त्याचे हात धरले.

"डॉन पोन्सियानो, माझं घर वाचलं तुमच्यामुळे. कसे आभार मानू?"

त्याने हात सोडवून घेतले.

"मानू नकोस. एकोणीस वर्षं तुझ्या घरात पाणी शिरायचं आणि मी इथे झोळीत पडून ऐकायचो, तू बादल्यांनी उपसायचीस ते. तू विचारायला आली होतीस ना, तेव्हाही मला जागा ठाऊक होती. खोटं बोललो मी तुझ्याशी. मी एकटा उभा होतो तेव्हा कोण आलं होतं? म्हटलं, बुडू देत सगळ्यांना."

फिदेलिया खाली वाळूतच बसली. म्हणाली, "नोकरीचा तिसरा दिवस होता माझा. चादरींच्या घड्या घालत होते. खिडकीतून मला तुम्ही दिसत होतात, मशीनसमोर. मी... मी खिडकी लावून घेतली."

"ठाऊक आहे," पोन्सियानो म्हणाला. "लावताना पाहिलं होतं मी तुला."

वारा अजून घोंघावत होता. फिदेलियाला डोळे पुसायचंही भान राहिलं नाही. पाण्यासाठी आभार मानायला आली होती ती. तिने खिडकी लावलेली या माणसाने पाहिली होती, आणि तरीही त्याने काठी ठोकून जागा दाखवली होती. याचे आभार कोणत्या तोंडाने मानायचे?

तिने ताट उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं आणि भाकरीवरचं फडकं बाजूला केलं.

"जेवा," ती म्हणाली. "मी बसते इथे."