कानबाईच्या गाण्यांना पुरलेली केबल

मी एक जुनी चार्जिंगची केबल आहे, मित्रांनो. 'जुनी' हा शब्द मी अगदी मान ताठ करून सांगते, कारण आमच्या जातीत म्हातारपण बघायला मिळणे हेच मोठे नशीब. आमच्यातल्या बहुतेकजणी दिवाळीला घरात येतात आणि होळीच्या आत ड्रॉवरच्या तळाशी जाऊन पडतात. मी मात्र धुळ्याजवळच्या एका गावात, लोटन आबांच्या ओसरीतल्या खिळ्यावर अजून टांगलेली आहे, आणि कामावर आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. पोटात तांब्याच्या बारीक तारा भरल्या, वरून काळे रबर चढवले, दोन टोकांना दोन पिना बसवल्या आणि मला गुंडाळून पाकिटात कोंबले, एवढेच आठवते. डोळे उघडले ते थेट जळगावच्या एका मोबाइलच्या दुकानात. शेजारच्या खिळ्यावर एक गुलाबी केबल होती. तिच्या पाकिटावर 'सुपर फास्ट', 'अतूट' आणि आणखी काय काय छापलेले होते. माझ्या पाकिटावर नुसते 'केबल' एवढेच. ती दिवसभर मला हिणवायची.

एके दिवशी लोटन आबा आणि त्यांचा मुलगा समाधान केळीची रोपे बघायला जळगावला आले होते. येता येता दुकानात शिरले. समाधानला बघताक्षणी गुलाबी आवडली. आबांनी मात्र मला हातात घेतले आणि पिनेजवळ, म्हणजे माझ्या मानेजवळ, दोन बोटांनी वाकवून पाहिले. मग समाधानला म्हणाले, "दोर तुटस तो गाठजोडेच. मधमा तुटेल दोर कोनी देखा का?" म्हणजे दोर तुटतो तो गाठीपाशीच, मध्ये नाही. शेवटी बाप-लेकात तडजोड झाली आणि आम्ही दोघीही एकाच पिशवीतून घरी आलो.

घरी येताच आबांनी एक मेणकट दोरा काढला आणि बैलाच्या कासऱ्याचे टोक आवळावे तसा माझ्या मानेवर घट्ट गुंडाळला. मला मुळीच आवडले नाही. नव्या नवरीला कुणी गळपट्टा बांधतो का? पण मित्रांनो, आज मी तुमच्याशी बोलते आहे ती त्या दोऱ्यामुळेच.

गुलाबीचे मात्र हाल झाले. समाधानला फोन चार्जिंगला लावून लोळत लोळत व्हिडिओ बघायची सवय. फोन छातीवर, आणि गुलाबीची मान छाती आणि फोनच्या मध्ये दुमडलेली. काढताना पिन धरायची नाही, वायरला हिसका द्यायचा. काम झाले की चार्जरभोवती करकचून वेटोळे. थोड्याच दिवसांत ती फक्त एका कुशीवर चालू लागली. मग तिच्याखाली काडेपेटी ठेवावी लागे, कधी चमचा. फोन चार्जिंगला लावणे म्हणजे देवाला कौल लावण्यासारखे झाले. लागला तर लागला! संक्रांतीच्या आधीच ती गेली. मला वाईट वाटले. थोडेसे.

माझे दिवस मात्र मजेत होते. सकाळी केळीचे भाव फोनवर यायचे, मग घड कापणाऱ्या मजुरांना फोन, मग ट्रकवाल्याला फोन, आणि या सगळ्यांना माझ्याच पोटातून वीज जायची. मे महिन्यात ओसरी भट्टीसारखी तापली तरी मी काम सोडले नाही. एकदा एका उंदराने मला चावून पाहिले. त्याला माझी चव आवडली नाही. गल्लीत लग्न असले की निरोप यायचा, "लोटन आबा, तुमनी ती केबल द्या बरं!" मी पाहुणी म्हणून जायचे आणि मांडवातल्या साऱ्या फोनांना पाजून परत यायचे. त्या काळात माझा तोरा काही विचारू नका.

पण जग बदलले. नव्या फोनांना नवी, रुंद पिन आली. माझी बारीक पिन कुणाला चालेना. माझ्याकडे उरला एकटा आबांचा जुना फोन, आणि त्याची बॅटरी इतकी थकलेली की मी बाहेर आले की तो लगेच डोळे मिटायचा. एकदा तर समाधानने मला दुधाच्या किटलीचे झाकण बांधायला घेतले! आबा ओसरीतूनच ओरडले, "अरे, तिले कसाले बांधस? ती जित्ती शे!" त्या दिवसापासून मी आबांची झाले.

आता मी तुम्हाला माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस सांगते. श्रावणात आमच्या खान्देशात कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, लुगडे चढवून देवी करतात, चौरंगावर बसवतात, नैवेद्याला रोट करतात. सुरत, नाशिक, पुणे, जिथे जिथे भाऊबंद पोटासाठी गेले असतील तिथून सगळे गावी येतात. आणि कानबाईपुढे बायका गाणी म्हणतात. एकजण पुढे म्हणते आणि बाकीच्या तिच्यामागे झील धरतात. आमच्या घरी पुढे म्हणणाऱ्या म्हणजे केसरअक्का, आबांच्या मोठ्या वहिनी. त्या सुरतेला मुलाकडे राहतात, पण कानबाईला हटकून येत. इतकी वर्षे त्याच पुढे, त्यामुळे बाकी कुणाला पुढे म्हणायची वेळच आली नव्हती. मागून सगळ्यांना येई, पुढून कुणालाच नाही.

त्या वर्षी नेमका केसरअक्कांचा पाय मोडला. सुरतेला पायाला प्लास्टर, प्रवास बंद. आणि त्याच वर्षी समाधानची नवी बायको दिपमाला पहिल्यांदा कानबाई बसवणार होती. ती जामनेरची. तिच्या माहेरी कानबाई बसत नसे, तिथली बोलीही वेगळी. आठवडाभर ती जात्यावर रोटाचे गहू दळत होती, घर सारवत होती, देवीवर टांगायचा फुलोरा बांधत होती. रविवारी संध्याकाळी सगळे तयार झाले आणि तिची सासू ताईबाई चौरंगापुढे बसून डोळ्याला पदर लावू लागली.

"गाना नई तं कानबाई माय मुकी जाई वं," ती म्हणाली. "सूननी पहिली कानबाई, आनि मुकी!"

समाधान म्हणाला, "आई, मोबाइलवर बठ्ठा गाना शेतस. लावू का?"

"मशीनना गाना मायले नई चालतस. जित्ता गळा लागस."

दिपमालेचा चेहरा एवढासा झाला. तिला वाटले, आपला पायगुणच वाईट. पण पोरगी हुशार. क्षणभर विचार करून म्हणाली, "मग केसरअक्कांनाच फोन लावू ना, आई. त्या तिकडून पुढे म्हणतील, आपण इकडून झील धरू. गळा तर जिताच आहे."

समाधानने आपला नवा फोन काढला. पण दिवसभर फुलोऱ्याचे व्हिडिओ काढून काढून तो अर्धमेला झाला होता. त्याची नवी झगझगीत केबल लावली, तर तिचीही तीच गुलाबीची गत. समाधान ती हातात तिरकी धरून उभा. "आते होस... गयं... आते होस... गयं!" एवढ्यात आबा उठले आणि खिळ्यावरून मला काढत म्हणाले, "मना फोन लावा. तेना आवाज पार नदीलगुन जास."

मी फोनात शिरले, फोन जागा झाला, आणि चौरंगाशेजारी पाटावर त्याला बसवले. सुरतेहून केसरअक्कांचा खणखणीत आवाज आला. "ताई, रडू नको वं! पाय मोडना, गळा नई मोडना." सगळ्या बायका हसल्या. ताईबाईही हसली.

आता इथे एक घोटाळा झाला, मित्रांनो. आमच्या घरचा रिवाज असा की पुढे म्हणणारीचे आधी पाय धुवायचे, हळदीकुंकू लावायचे, मगच तिने तोंड उघडायचे. आणि पुढे म्हणणारी तर फोनात बसलेली! ताईबाई तांब्या घेऊन फोनपुढे बसली. शेजारच्या प्रमिलाबाईंनी वाकून विचारले, "याना पाय कोठे शेतस वं?"

"खाले!" ताईबाई म्हणाली. "मानूसना पाय खालेच ऱ्हातस."

आणि फोनच्या खालच्या बाजूला कोण होते? मी! मी ओरडत होते, पण केबलचे ओरडणे कोण ऐकतो? ताईबाईने तांब्यातले पाणी फोनच्या पायांवर सोडले आणि वर ओली हळद चांगली चोळली. केसरअक्का तिकडून काहीतरी आशीर्वाद देत होत्या, तो अर्ध्यावरच तुटला. फोनने डोळे मिटले.

आबा कपाळावर हात मारून म्हणाले, "पाय धोयात तुम्ही, गळा बसना तिना!"

कुणी हसले नाही. दिवेलागणीच्या आत कानबाई बसवायची होती. समाधानने भिंतीवरचे बटन बंद केले. दिपमाला पुढे आली. तिने मला हिसका दिला नाही. पिन धरली आणि अलगद बाहेर काढले. वातीसाठी पिंजलेला कापूस शेजारीच होता, घरच्याच शेतातला. त्याची बारीक वात वळून तिने आधी माझी पिन पुसली, मग फोनचे तोंड पुसले, नवी वात घेतली, पुन्हा पुसले. बायका मागे कुजबुजत होत्या. तिने घाई केली नाही; पिन कोरडी ठणठणीत होईपर्यंत पदराने वारा घालत बसली. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. तारेत काही बिघडले असते तर या पोरीची कानबाई मुकी गेली असती, आणि त्याला कारण मी!

बटन चालू झाले. माझ्या पोटातून वीज गेली. फोन पेटला, आणि माझा जीव भांड्यात पडला!

पुन्हा सुरतेला फोन लागला आणि केसरअक्कांनी गाणे धरले. गाणे देवीच्या दागिन्यांचे होते. एकेका कडव्यात एकेक दागिना.

"पाटवर बसनी मनी माय, तिनी नथ झळकी जाय..."

बायकांनी झील धरली. फोन सांभाळायला दिपमाला सर्वांत जवळ बसली होती. आधी तिचे नुसते ओठ हलत होते. मग आवाज फुटला. मग तो मोठा झाला. केसरअक्का आनंदाने पुन्हा नथीवर आल्या. "पाटवर बसनी मनी माय, तिनी नथ..."

आणि गावातली वीज गेली.

माझ्या पोटात एकदम शांत झाले. फोन विझला. समईचा तेवढा उजेड उरला. अर्धी ओळ हवेत लोंबकळत होती. मी कधी कुणाला दगा दिला नव्हता, पण वीजच नसेल तर मी कोण, नुसती दोरी! मला रडू आले.

तेवढ्यात दिपमालेने ती ओळ उचलली. "...झळकी जाय." अगदी जामनेरच्या वळणाने. ओळ पुरी झाली, झीलही आली. पण आता पुढचे कडवे कोण म्हणणार? तिने डोळे मिटले आणि स्वतःच्या हातातल्या बांगड्यांकडून गाणे घेतले. "पाटवर बसनी मनी माय, तिना चुडा खणकी जाय!" बायकांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या. प्रमिलाबाईंना चेव आला. "तिना पदर उडी जाय!" ताईबाई गाता गाताच त्यांना ढोसू लागली की पदर आता नाही, पदर मागून. गाणे कुणीच थांबवले नाही.

वीज परत आली तेव्हा माझ्याकडे कुणाचे लक्षही नव्हते. खरे सांगते, मला थोडे लागले. आबांनी एकट्याने फोन चालू केला, आणि लगेच तो वाजला.

"काय झायं, भाऊ?" केसरअक्का घाईघाईने विचारत होत्या. "गाना बंद पडनात ना? सूननी कानबाई मुकी गई ना?" मग त्यांना मागचे गाणे ऐकू आले. "हाई पुढे कोन म्हनी ऱ्हायनं?"

"आपली जामनेरवाली सून, वहिनी," आबा म्हणाले.

केसरअक्का म्हणाल्या, "चुडानंतर जोडवा येस. पदर मंग येस. पन ऱ्हाऊ द्या, तिले थांबू देऊ नका. तिलेच पुढे म्हनू द्या. आते मी मांगे म्हनसू."

आणि सुरतेहून केसरअक्कांनी, जन्मात पहिल्यांदा, झील धरली. तो आवाज माझ्याच पोटातल्या विजेवर ओसरीत येत होता, सगळ्यांच्या मागून. ताईबाई रडत होती आणि हसतही होती. दिपमाला मात्र मागे वळून बघायलाही तयार नव्हती. तिचे जोडव्याचे कडवे चालू होते.

मित्रांनो, आम्हा केबलांचे फार मागणे नसते. काढताना पिन धरा, वायर ओढू नका. गुंडाळताना सैल गुंडाळा. चार्जिंगला लावून लोळत पडू नका, आणि कितीही भक्ती असली तरी आमचे पाय धुऊ नका. एवढे केलेत तर आम्ही पुष्कळ दिवस साथ देतो. आणि तुमच्या घरात कुणी एकटीच पुढे गाणारी असेल, तर ती गात असतानाच तिच्याजवळ सरकून बसा आणि मोठ्याने झील धरा. आमच्यावर विसंबून राहू नका. वीज काय, कधीही जाते.