टोक खाली असलेली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. तुमच्या दप्तरातली नव्हे, रस्त्याच्या कडेला लोखंडी खांबावर उभी असलेली. अंगाने पांढरी, काठाने लाल, तीन कोनांची. माझं टोक मात्र खाली आहे. मी सांगते ते इतकंच: 'मोठ्या रस्त्यावरून येणाऱ्यांना आधी जाऊ द्या, मग तुम्ही निघा.'

कारखान्यात पत्रा कापून मला घडवलं. रंगारी माझा काठ इतक्या निगुतीने रंगवत होता की मुकादम म्हणाला, "अरे, पाटी करतोयस की नवरी सजवतोयस?" मग गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते, तिथे मला रोवलं. चार दिवस लोकांनी मान दिला. पुढे मी असून नसल्यासारखी झाले. मुलांनी दगडांचे नेम धरले, माझा एक कोपरा वाकला. गाड्या माझ्याकडे न बघता सुसाट निघून जाऊ लागल्या. फार एकटं वाटायचं.

अशात एक जोडपं माझ्यापाशी चालत यायला लागलं. नवऱ्याने उमेदीची सगळी वर्षं ट्रक चालवला होता. आजारात त्याची दृष्टी गेली. आता तो घरी वेताच्या खुर्च्या विणत असे. त्या गिऱ्हाइकांना पोचवायच्या म्हणून बायको गाडी शिकत होती. पण पाट्या ओळखताना तिची गाळण उडे.

"अहो, ही तिकोनी आहे. लाल काठाची."

"टोक कुठं आहे?"

"खाली."

त्याचा चेहरा खुलला. "मग ही सगळ्यांत वेगळी! बाकीच्या तिकोनी पाट्यांचं टोक वर असतं. हिचं तोंड दिसलं नाही, तरी टोक बघायचं आणि वेग कमी करायचा."

"मला नाही जमायचं हो. पाट्या बघू, आरसा बघू, की ब्रेक शोधू?"

"अगं, मी पहिल्याच दिवशी ट्रक शिकवणाऱ्या मास्तरांच्या सायकलवर ट्रक घातला होता!"

ती इतकी हसली की तिला माझ्या खांबाला धरून उभं राहावं लागलं.

एके दिवशी कुणीतरी माझ्या तोंडावर गाद्यांच्या सेलची जाहिरात चिकटवली. मी मुकी झाले. त्याच दुपारी शिकाऊ गाडी आली. बायको चालवत होती, शेजारी गाडी शिकवणारे मास्तर, मागे नवरा. कोपऱ्यावरच्या भिंतीमुळे मोठा रस्ता दिसत नव्हता. भिंतीपलीकडून टँकर भरधाव येत होता. माझ्या जिवाचं पाणी झालं. ओरडणार तरी कशी?

गाडीचा वेग कमी झाला. गाडी थांबली. टँकर धडधडत समोरून गेला.

मास्तरांनी कपाळावरचा घाम पुसला. "ताई, पाटीवर तर गाद्या आहेत. थांबलात कशा?"

"टोक खाली होतं ना, मास्तर."

मागे बसलेल्या नवऱ्याने चाचपडत तिच्या खांद्यावर हात ठेवला.

गाडी बाजूला लावून तिने बाटलीतलं पाणी माझ्यावर ओतलं आणि नखांनी कागद खरवडायला लागली. तोही उतरला.

"कुठं राहिलंय?"

"डावीकडं. जरा वर. हां, तिथंच."

दोघांचे हात खळीने चिकट झाले, पण माझं तोंड मोकळं झालं.

आता तिच्याकडे परवाना आहे. खुर्च्या लादलेली गाडी रोज इथून जाते. परवा शेजारी बसलेला नवरा म्हणाला, "थांबलीस का गं?"

"शाळेची बस येतेय."

बस गेली. खिडकीतल्या मुलांनी हात हलवले. तिने हात हलवला आणि त्याला म्हणाली, "अहो, टाटा करतायत." मग त्यानेही हात वर केला.

मित्रांनो, त्या बसमध्ये कदाचित तुम्हीच होतात. मोठे झालात, गाडी शिकलात, की आम्हा पाट्यांना नीट ओळखा. आमच्यावर दगड मारू नका, कागद डकवू नका. आम्हाला हात नाहीत, आवाज नाही. तुम्ही बघितलंत, तरच आम्ही बोलतो.