गुलाबी अळ्यांचा तांडा

हे जे मी सांगणार आहे त्यावर कोणाचाच विश्वास बसणार नाही, हे आधीच लिहून देतो. आमच्या सोनीबाईनं तर लग्न झाल्यापासून माझ्या एकाही गोष्टीवर विश्वास ठेवला नाही. तरी संसार झालाच की.

गुलाबी बोंडअळीनं आमची कपाशी खाल्ली, त्या सालची गोष्ट. ढाणकीचा बाजार होता. लाईन गेली होती. पूनमसिंगच्या झेरॉक्सच्या दुकानात पंचनाम्याचे कागद धरून लोक खोळंबले होते. मशीन बंद आणि माणसं रिकामी. माझ्यासारख्याला दुसरं काय पाहिजे?

पण आधी तंटा काय होता ते सांगतो. यवतमाळहून नंदकिशोरभाऊ आले होते. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, यांनाच तेवढी पुस्तकं छापायची अवदसा आठवली. यांच्या पत्नी कुंदाताई शेतकी शाळेत शिकवायच्या. त्यांनी बोंडअळीवर एक लहानसं पुस्तक लिहिलं, यांनी छापलं. डोमकळी, म्हणजे ते न उमलता मिटून बसलेलं फूल, दिसली की आत अळी समजायची, मग काय करायचं, सगळं त्यात होतं. पुस्तक इतकं कामाचं निघालं की कोणी विकत घेईना. जो तो अळीचं प्रकरण झेरॉक्स करून नेई.

आता फवारणीची वेळ बदलली होती, म्हणून ताईंनी नवी आवृत्ती लिहून ठेवली होती. ती पेरणीआधी निघाली नाही तर लोक जुनीच पानं वाचणार आणि पुन्हा फसणार. आणि भाऊंपाशी छपाईच्या कागदालाही पैसे नव्हते.

"पूनमसिंग, मी भांडायला आलो नाही," भाऊ म्हणाले. "तुम्ही प्रत्येक पानासाठी प्रत्येक प्रकाशकाला कुठं विचारत बसणार? आणि मी तरी किती मशिनींपाशी उभा राहणार? म्हणून आम्ही प्रकाशकांनी, लेखकांनी आपापली परवानगी एका संस्थेच्या हाती दिली. तुम्ही तिच्याकडून वर्षाचा एकच परवाना घ्यायचा. मग कोणत्याही पुस्तकातलं एखादं प्रकरण खुशाल काढा. अख्खं पुस्तक मात्र नाही."

"आन त्याच्यात तुमाले काय भेटन?"

"कोणत्या दुकानात कोणाची पानं निघतात, ते संस्था मधूनमधून पाहते. त्या मानानं लेखकाला, प्रकाशकाला वाटा जातो. पण आमचं पुस्तक आपल्याकडं निघतं, असं एकही दुकान म्हणत नाही. मग वाटा येईल कुठून? आणि नवी आवृत्ती निघेल कशी?"

"कोनतं पुस्तक?" पूनमसिंग म्हणाला. "ते माह्या मशिनीवर कधी चढलंच नाई साहेब. शपथ घेतो."

दुकानातल्या प्रत्येकाच्या घरी ती पानं होती. सगळे छताकडं पाहू लागले.

पूनमसिंग वाईट माणूस नाही. ज्याच्याजवळ पैसे नसत त्याला त्यानं ते प्रकरण फुकट काढून दिलं होतं. लोकांचे एका कागदाचे पैसे वाचावेत म्हणून पुस्तकाच्या नावाचं पान तेवढं गाळलं. पोर घराबाहेर पाठवावं आणि त्याला बापाचं नाव सांगू नये, तसं झालं. आता त्याला वाटत होतं, हो म्हटलं की दुकानावर केस लागणार.

मी म्हटलं, "भाऊ, त्याले कायले तरास देता? तुमच्या अळ्या मले भेटल्यात ना."

"झालं सुरू," सोनीबाई म्हणाली.

"पुसदच्या घाटात भेटल्यात. मी भावाकडं गेलतो. पाह्यतो तं काय, रस्ताभर अळ्याच अळ्या, एकामागं एक, शिस्तीत. आपल्या कागदावरून उतरून यवतमाळले निंगाल्या होत्या."

"कायले?" कोणीतरी विचारलं.

"आपला धनी कोन ते पाह्याले! कागदावर नावच नाई, मंग बिचाऱ्या कोनाच्या म्हनाव्या? पुढं एक टोलनाका. नाकेवाला म्हने, हरेक अळीची येगळी पावती फाडा. तशी समोरची जाडी अळी फेटा सावरून पुढं झाली..."

"अळीले फेटा?"

"तांड्याची नायक होती ते! आपले आजे तांडा घेऊन बैलायवर मीठ वाह्यत, तवा नाक्यावर हरेक बैलाचा झगडा कोनी करे काय? नायक साऱ्या तांड्याचं एकदाच भरे, आन मुक्कामी ज्याचं जितकं ओझं तितका त्याचा हिस्सा लावे. तसंच अळीनं केलं. म्हने, सारा तांडा माह्या जबानीवर, घे एकदाच आन सोड."

भाऊ हसले. "अहो, संस्था हेच तर करते!"

"मंग त्याच्यात केस कुठी आली?" पूनमसिंगनं हळूच विचारलं.

"नाक्यावर भरून जाते त्याच्यावर कोनी केस करते का रे बाबू? केस चोरवाटेनं जानाऱ्यावर," मी म्हटलं.

पूनमसिंग मशीनवरची धूळ पुसू लागला. मी पाहिलं, माणूस काठावर आला आहे. थोडं ढकलायला पाहिजे.

"मी त्या नायकीन अळीले इचारलं, बाई, तुमी कोन्या दुकानातल्या? थे म्हने, आमी ढाणकीच्या पूनमसिंगच्या मशिनीतून निंगालो. मले पटलंच. काय तिचा रंग! त्या मशिनीतून निंगालेली हरेक अळी गुलाबी, अशी गुलाबी की घाटात जशी काही होळीच..."

"झूट!" पूनमसिंग ताडकन उठला. "साफ झूट बोलून राह्यले काका तुमी! माह्या मशिनीत रंगाची शाईच नाई. सालभर म्या सोता काढली ना थे अळी, ढाणकीच्या हरेक घरासाठी काढली. काळीच निंगते!"