आसनावरचं गाठोडं

पुराचं पाणी ओसरल्यावर दमयंती नेओग घरात शिरली ती थेट माळ्यावर चढली. माळा रिकामा होता. पाच वर्षं खपून लिहिलेली कादंबरी, तिची एकुलती एक प्रत, सुवनशिरी नदीनं गिळली होती. देवादिकांची नव्हे, गावातल्या एका विधवेची, आणि तीही गावच्या बोलीत! जोरहाटचा छापखानेवाला वाट बघत होता. चिखलातच बसून ती ढसाढसा रडली.

चार दिवसांनी पूर उतरला म्हणून नामघरात, गावच्या प्रार्थनामंदिरात, प्रार्थना होती, तिथं ती नाइलाजानं गेली. आसनावर घराघरातल्या पोथ्या गामोशांत, हातानं विणलेल्या काठाच्या पंचांत, बांधून मांडल्या होत्या. नमस्काराला वाकली आणि थबकली. एका गामोशाच्या काठाला एक फूल उलटं होतं. असं उलटं फूल गावात फक्त तिच्याच हातमागावर निघायचं, आणि कादंबरी तिनं अशाच गामोशात बांधली होती.

लोक पांगेपर्यंत तिनं कसाबसा दम धरला. "थानेश्वर खुरा, ते माझं आहे!"

नामघर सांभाळणारा हा म्हातारा, साऱ्या गावाचा खुरा म्हणजे काका, पूर आला की होडी घेऊन घराघरातून आधी पोथ्या गोळा करायचा, भांडीकुंडी मागाहून. गामोशात बांधलेलं, म्हणजे पोथीच! याच खुरानं तिच्या लिखाणाला चारचौघांत 'घाण' म्हटलं होतं.

"ठाऊक आहे," तो पुटपुटला. "ऊन द्यायला सोडलं तेव्हाच कळलं."

"आणि परत आसनावर ठेवलंत? अख्खं गाव माझ्या कादंबरीच्या पाया पडतंय!"

"तिथं कुणी हात लावत नाही, पोरी. माझं वाचून व्हायचं होतं."

दमयंतीला हसावं की भांडावं कळेना. जीव मात्र भांड्यात पडला होता. तिनं भराभर पानं चाळली. "शेवटची वीस कुठायत?"

खुरानं ती कमरेची काढली, पण दिली नाहीत. "तुझी ती विधवा, रूपही, घाटावर उभी आहे. नाव लागलीय. पलीकडच्या तीरावर तिचा तो थांबलाय." त्यानं पानांवरून हात फिरवला. "माझी विधवा बहीण अशीच उभी होती. मीच हाताला धरून परत आणली. पुढं ती कधी हसली नाही गं."

"शेवट सांगू?"

"नको. वाचू दे."

उरलेली पानं छातीशी धरून दमयंती बाहेर पायरीवर टेकली. ओल्या वाटेवर बदकं हिंडत होती. बराच वेळ आतून फक्त पानांची सळसळ येत होती.

मग खुराचा आवाज आला, रडवेला, मोठ्ठा.

"बसली गं, नावेत बसली!"