सत्ताविसावा हत्ती

मोबाईलवरचा हा खेळ ज्याने कोणी तयार केला, तो माझ्या वर्गात असता तर मी त्याला तासभर बेंचवर उभा केला असता. वर पालकांना बोलावलं असतं ते वेगळं.

खेळ असा आहे. काळ्या पडद्यावर रंगीत ठिकऱ्या तरंगत असतात. बोटाने तो सगळा पसारा गोल फिरवायचा. फिरवता फिरवता एक जागा अशी येते की तिथून त्या ठिकऱ्या एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात आणि चित्र तयार होतं. खुर्ची, छत्री, बदक, काहीही. काय जुळवायचं ते खेळ सांगत नाही, ते आपणच ओळखायचं. जुळलं की टिंग वाजतं आणि पुढची लेव्हल उघडते. अशा चाळीस लेव्हल आहेत.

मी प्रेमराज फेगडे. रावेरात एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. वस्तू कुठून पाहिली की कशी दिसते, हेच पोरांच्या डोक्यात भरण्यात माझा जन्म गेला. माझे विद्यार्थी चित्रकलेच्या परीक्षांना, एलिमेंटरीला आणि इंटरमिजिएटला, ए ग्रेड आणायचे. त्यांची नावं शाळेच्या फळ्यावर आहेत आणि मला ती सालासकट पाठ आहेत. आमच्या वर्गात जागा कमी, पोरं साठ. म्हणून वस्तुचित्राच्या तासाला मधोमध स्टूल, स्टुलावर वस्तू, आणि चारी बाजूंनी पोरं बसवायची, अशी माझी पद्धत होती. मी फळ्याजवळ खुर्चीत. खुर्चीतून न उठता मी साठ वह्या तपासायचो. पोराने वही वर धरायची, मी एक नजर वस्तूवर टाकायचो, एक वहीवर, आणि चूक सांगायचो. तपासणीला आलेले साहेबसुद्धा म्हणाले होते की फेगडे, तुमची नजर घारीची आहे.

आणि अशा माणसाला एका फुकट्या खेळाने सत्ताविसाव्या लेव्हलवर अकरा दिवस अडवून ठेवलं.

खेळ म्हणून मी तो खेळत नव्हतो. त्यात माझी स्कूटर अडकली होती. झालं असं की चैत्रात मी स्कूटरवर सावद्याला गेलो आणि येताना एसटीने परत आलो. स्कूटर तिथेच स्टँडबाहेर. घरी येऊन जेवलो, झोपलो, आणि संध्याकाळी स्कूटर चोरीला गेली म्हणून गल्ली डोक्यावर घेतली. त्याआधी एकदा गॅस तसाच राहिला होता. आखाजीच्या सणाला आमचा मुलगा हितेंद्र नाशिकहून आला, तर माझ्या बायकोने, पुष्पाने, त्याला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. पोरगा मला जळगावच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले की मेंदूच्या फोटोत विशेष काही नाही, पण डोक्याला काम देत राहा, कोडी सोडवा. हितेंद्रने माझ्या मोबाईलमध्ये हा खेळ टाकला आणि स्कूटरची चावी स्वतःच्या खिशात टाकली. अट घातली की गणपतीपर्यंत चाळीस लेव्हल पार करा, मी येताना चावी घेऊन येतो. खेळातला मदतीचा दिवा दाबला तर चालेल, पण कुणा माणसाला विचारायचं नाही. विचारलं तर चावी नाही.

माझाच मुलगा. अटी घालायला माझ्याकडूनच शिकला, कुणाला सांगणार?

स्कूटर नाही म्हणजे काय, हे ज्याची गेली त्यालाच कळतं. सकाळी मळ्यात चक्कर नाही, केळीचे घड कधी कापणार ते कुणाला विचारणं नाही, स्टेशनजवळच्या हॉटेलात चिंधा आणि कौतिकसोबत चहा नाही. गुडघ्यामुळे पायी फार जाववत नाही. शेजारी ‘कुठे सोडू का, सर’ म्हणून विचारायचे, आणि त्या विचारण्याचाच मला राग यायचा. आणि खरं सांगायचं तर भीती वाटायची. रात्री पडल्या पडल्या मी फळ्यावरची नावं सालवार म्हणून बघायचो. एकही चुकत नव्हतं. मग डोकं शाबूत नाही असं कोण म्हणतो?

सव्वीस लेव्हल मी दहा दिवसांत पार केल्या. सत्ताविसावीत हत्ती होता. पहिल्याच दिवशी मी तो जुळवला. सोंड, सुळे, चार पाय, बारीकशी शेपूट, कुठे सुईएवढी फट नाही. टिंग वाजलं नाही. मी एक केसभर डावीकडे सरकवला, एक केसभर वर नेला, पुन्हा जागेवर आणला. हत्ती माझ्याकडे बघतोय, मी हत्तीकडे बघतोय.

मग दिवा दाबला. कोपऱ्यात पिवळा दिवा आहे, तो म्हणजे मदत. तो दाबला की आधी अर्धा मिनिट जाहिरात, त्यात एक माणूस पत्ते खेळून बंगला घेतो. मग अक्षरं येतात: ‘योग्य कोनातून पाहा.’ अरे शहाण्या, योग्य कोन ठाऊक असता तर मी तुझ्या दाराशी आलो असतो का? पुन्हा दाबला. पुन्हा त्या माणसाचा बंगला. ‘आपण खूप जवळ आहात!’ तिसऱ्यांदा: ‘वेगळा विचार करा!’ चौथ्यांदा परत पहिलंच वाक्य. त्यानंतर दिवा विझतो तो चार तासांनी पेटतो. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं, तशातली गत. वेळ माझा जातो आणि जाहिरातवाला जेवतो.

मी त्या खेळाला एक चांदणी दिली आणि खाली लिहिलं की तुम्हाला शिकवता येत नसेल तर कोडी घालू नका. दोन मिनिटांत उत्तर आलं, ‘आपल्या सुंदर अभिप्रायाबद्दल आभार! खेळत राहा!’ पुष्पा म्हणाली, “एक दिवस तो मोबाईल फोडसान तुम्ही.” मी म्हणालो की फोडणारच आहे, फक्त हत्ती झाल्यावर.

अकराव्या दिवशी मोबाईल आपणहूनच बसला. जाहिरात बंद करायची फुली त्यांनी तिळाएवढी ठेवलेली असते. माझं बोट तिच्या बाजूला पडायचं आणि काहीतरी नवीनच मोबाईलमध्ये उतरायचं. असं किती उतरलं होतं देव जाणे. पडदा गोठला तो हलेचना. मी पिशवीत मोबाईल टाकला आणि पायीच निघालो. रस्त्यात केळीचा ट्रॅक्टर आडवा लागलेला, त्याला वळसा घालताना गुडघा पुन्हा दुखावला. स्टेशन रोडवर मोबाईल दुरुस्तीचं पहिलं दुकान दिसलं, त्यात शिरलो.

दुकानात चाळिशीकडे आलेली एक बाई काचेच्या काउंटरमागे बसून बारीक स्क्रू काढत होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, “या, सर. बसा.” गावात अर्धी माणसं मला सर म्हणतात, त्यामुळे मला त्यात विशेष वाटलं नाही. मोबाईल दिला. तिने तो बंद करून चालू केला, आत उतरलेला कचरा एकेक करून काढला. नऊ ॲप निघाले. मग पडद्यावर तो खेळ जसाच्या तसा उघडला आणि हत्ती आला.

ती हसली. म्हणाली की सत्ताविसावी ना, इथे बठ्ठे अडकतात, सगळेच. मागच्याच आठवड्यात दोघं जण दुकानात येऊन विचारून गेले.

म्हणजे हिला उत्तर माहीत होतं. माझ्या जिभेवर शब्द आले होते, पण अट आठवली आणि मी ते गिळले. नुसता हत्ती तिच्यासमोर धरला आणि म्हणालो की यात काय चुकलंय ते मला कुणीतरी दाखवावंच. हा विचारण्यातला प्रकार होता की नाही यावर वाद घालता येईल. मी तेव्हा घातला नाही.

तिने हत्तीकडे पाहिलं. मोबाईल परत माझ्या हातात दिला आणि सावकाश म्हणाली, “नीट बघा, सर.”

माझं टाळकंच फिरलं. अकरा दिवस त्या दिव्याने हेच ऐकवलं होतं. मी म्हणालो की बाई, मी एकतीस वर्षं पोरांना बघायला शिकवलंय, मला बघणं शिकवू नका. हा हत्ती बरोबर आहे. समोरचा मूर्ख आहे म्हणून तो चूक ठरतोय.

“तुमचा हत्ती बरोबर आहे,” ती म्हणाली. “माझी केटली पण बरोबर व्हती.”

कसली केटली, मला कळेना. तिने हातातला स्क्रू डबीत टाकला, डबीचं झाकण लावलं आणि सांगितलं. तिचं नाव दिपमाला. आठवीत माझ्या वर्गात होती. एलिमेंटरीला कुणाचे फॉर्म भरायचे ते मी एका वस्तुचित्रावरून ठरवायचो, त्या दिवशी स्टुलावर जर्मलची केटली ठेवली होती. ही बसली होती खिडकीकडे, स्टुलाच्या पलीकडे, माझ्या बरोबर समोर. तिने वही वर धरली. मी म्हणालो, चोच उलटी काढली, नीट बघ. तिने बघितलं, खोडलं, आणि पुन्हा तशीच काढली, कारण तिला तशीच दिसत होती. मी पुन्हा म्हणालो, नीट बघ. तिसऱ्या वेळी मी वही मागवली, पान फाडलं आणि डोळे आहेत की कवड्या म्हणून वर्गाला हसवलं. तिचा फॉर्म भरला नाही. तिने त्यानंतर चित्रकलेची वही घेतली नाही.

“मी तुमाले म्हटलं व्हतं, सर, इकडून या न,” ती म्हणाली. “तुम्ही उठलेच नही.”

ती रागाने बोलत नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं, रागाला उत्तर देता येतं. तेवढ्यात कुणी चार्जर विचारायला आलं आणि ती तिकडे वळली.

मी स्टुलावर बसून राहिलो. केटली फळ्याजवळून डाव्या चोचीची दिसत असेल, तर खिडकीकडून ती उजव्या चोचीचीच दिसणार. यात शिकवण्यासारखंही काही नाही. पहिलीतल्या पोराला समोरासमोर उभं केलं तरी कळेल. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. साठ वह्या होत्या आणि मला उठायचं नव्हतं.

माझ्या हातात हत्ती होता, तोंड डावीकडे. मी बोट टेकवलं आणि सगळा पसारा अर्धा फेरा फिरवला, पार पलीकडे. ठिकऱ्या विखुरल्या, चिखल झाल्या, आणि दुसऱ्या टोकाला जाऊन परत जुळल्या. तोच हत्ती, तोंड उजवीकडे. टिंग वाजलं. पडद्यावर फुलं पडली आणि अक्षरं आली: ‘आपण अतिशय हुशार आहात!’

एवढा राग मला अकरा दिवसांत आला नव्हता. हत्ती दोन्ही बाजूंनी हत्तीच होता. त्यांना एकाच बाजूचा हवा होता, आणि कोणत्या बाजूचा ते सांगायचं नव्हतं, इतकंच. असल्या माणसाला काय म्हणावं, याचे शब्द माझ्या तोंडात तयार होते आणि ते सगळे मला स्वतःलाच लागू पडत होते.

मी केटली आठवायचा प्रयत्न केला. जर्मलची केटली आठवली, तिला पोचा होता तोही आठवला. खिडकी आठवली. खिडकीशी बसलेली मुलगी काही केल्या आठवेना. डॉक्टरला हे सांगितलं असतं तर त्याने कागदावर लिहून घेतलं असतं. पण हे विसरणं नव्हतं. मी तिच्याकडे तेव्हाही बघितलंच नव्हतं.

काउंटरच्या कोपऱ्यात एक चित्रकलेची वही होती. वर भाविका असं नाव आणि इयत्ता आठवी. मी दिपमालाला विचारलं, मुलगी का? ती हो म्हणाली. मी म्हणालो की हिला माझ्याकडे पाठव, एलिमेंटरीची तयारी करून घेतो. मला वाटलं होतं तेवढं तरी मला करता येईल.

“नको, सर,” ती म्हणाली. “तिले बरं येते.”

तिने वही उचलून आतल्या फळीवर ठेवली. दुरुस्तीचे पैसे सांगितले, मी दिले, आणि मी निघताना तिने मला उंबऱ्याकडे लक्ष द्या म्हणून सांगितलं.

सात वाजता हितेंद्रचा फोन आला. रोज येतो. कितवी लेव्हल, म्हणून विचारलं. अठ्ठाविसावी, म्हणालो. तो इतका खूश झाला की मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं. म्हणाला, नाना, मला माहीत होतं तुमचं डोकं ठणठणीत आहे, चावी मी आत्ताच बॅगेत टाकून ठेवतो. मग हसत हसत विचारलं की कुणी सांगितलं तर नाही ना?

नाही म्हणालो असतो तर स्कूटर दारात होती. पण दुपारपासून मला दिपमालाचं ते उंबऱ्याकडे लक्ष द्या म्हणणं टोचत होतं.

“सांगितलं,” मी म्हणालो. “माझ्या वर्गातल्या एका मुलीने. एकदा आज दुपारी, आणि एकदा पंचवीस वर्षांपूर्वी. तेव्हा मी ऐकलं नाही.”

हितेंद्रचा आवाज एकदम मऊ झाला, आजारी माणसाशी बोलताना होतो तसा.

“नाना,” तो म्हणाला, “आईला देता का जरा फोन?”

मी त्याला समजावू शकलो असतो. पण तो नाशिकला बसला होता, आणि तिथून मी कसा दिसत असेन ते मला दिसलं. मी पुष्पाला हाक मारली आणि फोन तिच्या हातात दिला.